घर्षण नगण्य धरावे

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स नावाचा जो विषय असतो, त्यातली गणिते एका वेगळ्याच मुलखात घडतात. त्या मुलखात दोरीला वजन नसते आणि ती ताणूनही लांबत नाही. कप्पी कुरकुरत नाही. तुळईवर कितीही ओझे ठेवले तरी ती वाकत नाही, आणि वारा तर कधी सुटतच नाही. तिथल्या माणसाला नाव, गाव, वय यांपैकी काही नसते. ७० किलो वस्तुमान तेवढे असते, आणि तेही एका बिंदूत गोळा झालेले. हा माणूस जन्मभर तीनच कामे करतो. भिंतीला टेकवलेल्या शिडीवर चढतो, लिफ्टमध्ये वजनकाटा घेऊन उभा राहतो, आणि उंच इमारतीच्या गच्चीवरून चेंडू वर फेकतो. असे का करतोस, हे त्याला कोणी विचारत नाही. त्याच्या पायाखालची प्रतिक्रिया किती न्यूटन, एवढेच विचारतात.

या मुलखाची वारी बहुतेक ठिकाणी सगळ्या शाखांना सक्तीची असते. पुण्यात १८५४ साली सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालचे अधिकारी पुरवण्यासाठी इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला, तेव्हा तुळई आणि कप्पी यांची सखोल चौकशी करणे रास्तच होते. रस्ते आणि पूल बांधायचे होते. ज्याला पुढे हिंजवडीत बसून बँकांचे सॉफ्टवेअर दुरुस्त करायचे आहे, तोही आज घसरती शिडी सोडवूनच पुढे सरकतो. नाही सुटली तर केटी लागते, आणि शिडी पुढच्या परीक्षेत त्याच भिंतीला टेकून त्याची वाट पाहते.

गणित सोडवण्याची पहिली पायरी म्हणजे प्रश्न वाचणे, आणि बहुतेकांचा पाय तिथेच घसरतो. मेकॅनिक्सच्या प्रश्नात एकही विशेषण शोभेचे नसते. भिंत ‘गुळगुळीत’ म्हटली की तिला घर्षण नाही. ती फक्त काटकोनात ढकलू शकते. दोरी ‘हलकी’ आणि कप्पी ‘घर्षणरहित’ म्हटली की दोन्ही टोकांचा ताण सारखा. ‘सावकाश’ म्हणजे त्वरण शून्य. ‘घसरण्याच्या बेतात’ म्हणजे घर्षणाने आपली कमाल मर्यादा गाठली. कादंबऱ्या वाचायची सवय असलेला विद्यार्थी इथे मार खातो. घराचा भाडेकरार शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा तरून जातो.

किलो आणि न्यूटन यांचा तंटाही याच पायरीवर मिटवावा लागतो. भाजीवाल्याच्या काट्यावर किलो हेच वजन असते आणि त्यामुळे कोणाचे काही अडत नाही. मेकॅनिक्समध्ये मात्र १०० किलोचा ठोकळा जमिनीला ९८१ न्यूटनने दाबतो, आणि १०० न्यूटनचा ठोकळा जेमतेम सव्वादहा किलोचा असतो. दोघांत दहापटीचा फरक. एवढ्या फरकाने पूल पडतो, पण उत्तरपत्रिकेत अर्धाच मार्क कापला जातो, त्यामुळे चूक टिकून राहते. जुन्या अमेरिकन पुस्तकांत वस्तुमान ‘स्लग’ या एककात असे. एक स्लग म्हणजे सुमारे १४.६ किलो. भारतीय विद्यार्थी ते प्रकरण उघडतो, स्लग पाहतो आणि पान उलटतो. त्याचे फारसे चुकत नाही.

दुसरी पायरी चित्राची. तिला फ्री बॉडी डायग्रॅम म्हणतात आणि उच्चार वाचवण्यासाठी एफबीडी. एक वस्तू निवडायची, तिला चिकटलेले सगळे जग खरवडून काढायचे, आणि जिथे जिथे जग तिला शिवत होते तिथे तिथे एक बाण काढायचा. जमीन पुसायची, जमिनीचा बाण ठेवायचा. दोरी कापायची, दोरीचा ताण ठेवायचा. खरे इंजिनिअरिंग इथेच होते आणि पुढची समीकरणे ही कारकुनी असते, हे प्रत्येक शिक्षक पहिल्या तासाला सांगतो. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतो आणि थेट समीकरणाकडे जातो. चित्र काढलेच तर त्यात जमीनही ठेवतो आणि जमिनीचा बाणही, म्हणजे ठोकळा दोनदा उचलला जातो. क्रिया आणि प्रतिक्रिया समान व विरुद्ध असतात, हे शाळेपासून पाठ असल्याने काहीजण दोन्ही एकाच ठोकळ्यावर काढून त्यांची आपापसांत वजाबाकी करतात. मग जगात काहीच कधी हलत नाही. खरे तर ठोकळा जमिनीला दाबतो तो बाण जमिनीच्या चित्रात जातो, आणि जमिनीचे चित्र तर कोणी मागितलेले नसते.

बाणाची दिशा आधी कळत नसेल तर कोणतीही धरावी, अशी या शास्त्रात सूट आहे. उत्तर ऋण आले की समजायचे, बळ उलट दिशेला होते. गणित मात्र बरोबर. चुकीचा अंदाज इतक्या उदारपणे पोटात घालणारा दुसरा विषय पहिल्या वर्षाला नाही. विद्यार्थ्याला हा उदारपणा सोसत नाही. ऋण चिन्ह दिसताच तो घाबरून खोडरबराने बाण उलटा करतो, मग चिन्हही धन करतो, मग जुन्याच समीकरणात नवी किंमत घालतो. दोन दुरुस्त्या एकमेकींना खातात, तिसरी उरते, आणि तीच घात करते.

समतोलाची समीकरणे एका प्रतलात तीनच: आडव्या बळांची बेरीज शून्य, उभ्या बळांची बेरीज शून्य, आणि कोणत्याही एका बिंदूभोवतीच्या मोमेंटची, म्हणजे बळ गुणिले त्याचे बिंदूपासूनचे लंब अंतर यांची, बेरीज शून्य. तीन समीकरणांतून तीन अज्ञात निघतात, चौथा निघत नाही. चौथा अज्ञात समोर उभा राहिला की विद्यार्थी दुसऱ्या बिंदूभोवती मोमेंट घेतो, मग तिसऱ्या, मग चौथ्या. पानभर आकडेमोडीनंतर शून्य बरोबर शून्य असे येते. हे विधान निर्विवाद खरे असते, पण त्याला मार्क नाहीत.

मोमेंट कुठल्या बिंदूभोवती घ्यायचा, यात मात्र खरी अक्कल लागते. जिथे नको असलेली बळे येऊन मिळतात, नेमका तोच बिंदू धरायचा. तिथे त्यांचे अंतर शून्य होते आणि ती हिशेबातून बाद होतात. बळाचे घटक पाडून त्यांचे मोमेंट घेतले तरी बेरीज तीच येते, ही सोय पिएर व्हारिन्यॉं या फ्रेंच गणितज्ञाच्या नावावर आहे. बळांच्या जुळणीवरचा त्याचा आराखडा १६८७ साली छापून आला. न्यूटनचे ‘प्रिन्सिपिया’ही त्याच वर्षीचे, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने एखाद्या सालावर राग काढायचाच असेल तर हे सोयीचे पडेल.

लामी हाही त्याच काळातला, आणि पेशाने धर्मगुरू. एका बिंदूत मिळणारी तीन बळे समतोलात असतील तर प्रत्येक बळ हे उरलेल्या दोघांतल्या कोनाच्या साइनच्या प्रमाणात असते, हा त्याच्या नावाचा नियम. दोन दोऱ्यांनी टांगलेला दिवा या नियमाने तीन ओळींत सुटतो. तीन ओळींत सुटणाऱ्या गोष्टीचा मोह अनावर होतो, म्हणून लामी चार बळांवरही लावला जातो, एकमेकांना न भेटणाऱ्या बळांवरही लावला जातो, आणि एकदा लावला की खोडला जात नाही.

तुळईचे गणित सगळ्यांत सभ्य. सहा मीटरची तुळई, दोन टोकांना आधार, डाव्या टोकापासून दोन मीटरवर ३० किलोन्यूटनचा भार. डावा आधार २० उचलतो, उजवा १०. ओझ्याच्या जवळ जो उभा त्याच्यावर जास्त भार, हे पोते दोघांत उचललेल्या कोणालाही समीकरणाशिवाय कळते. तरीही डावीकडे १० आणि उजवीकडे २० लिहून विद्यार्थी निवांत पुढच्या प्रश्नाकडे जातो, कारण बेरीज ३० भरली. चित्रात एका टोकाला हिंज असतो आणि दुसऱ्या टोकाखाली दोन-तीन बारीक गोल काढलेले असतात, त्यांना रोलर म्हणायचे. तुळई या गोलांवरून घरंगळून का जात नाही, हा प्रश्न पहिल्या बाकावरून दरवर्षी येतो. हिंज तिला धरून ठेवतो म्हणून. आणि गोल निव्वळ चित्रापुरते नाहीत. ३० मीटरचा पोलादी गर्डर तापमान ३० अंशांनी वाढले की सुमारे ११ मिलिमीटर लांबतो, आणि ते ११ मिलिमीटर कुठेतरी जिरवावे लागतात. दोन्ही टोके घट्ट धरली तर गर्डर हट्टाला पेटतो आणि तीन समीकरणे अपुरी पडतात.

तुळयांनंतर ट्रस येतो. सळयांचे त्रिकोण जोडून केलेला सांगाडा. कारखान्याच्या छपराखाली असतो, रेल्वेच्या पुलावर असतो. प्रत्येक सांध्यावर दोनच समीकरणे मिळतात, म्हणून जिथे दोनच अज्ञात आहेत त्या सांध्यापासून सुरुवात करायची आणि एकेक सांधा पुढे जायचे. पहिल्या सांध्यावरची चूक इमानेइतबारे शेवटच्या सांध्यापर्यंत पोचते, आणि शेवटचा सांधा जुळला नाही की अकरा सळया पुन्हा मोजाव्या लागतात. या सांगाड्यात काही सळया शून्य बळाच्या निघतात. भार पडतो, शेजारच्या सळया ओढल्या-दाबल्या जातात, आणि ही मध्येच निर्विकार. लग्नाच्या मांडवात दाराशी उभे असलेले, ज्यांच्याकडे कुठलेच काम सोपवलेले नाही असे काका असतात, तशी ही सळई. तिला काढून टाकावे असे विद्यार्थ्याला वाटते. भार दुसऱ्या सांध्यावर सरकला की तीच कामाला लागते, आणि तोवर दाबाखालच्या लांब सळईला मध्ये धरून वाकू देत नाही.

उतरणीवरचा ठोकळा या विषयातला सर्वांत जुना रहिवासी. सिमॉन स्टेव्हिनने १५८६ साली त्याचा निकाल लावला, तोही चित्र काढून. एका त्रिकोणी ठोकळ्यावर त्याने १४ सारख्या गोळ्यांची माळ घातली. लांब उतरणीवर ४ गोळे, निम्म्या लांबीच्या आखूड उतरणीवर २, आणि उरलेले ८ खाली लोंबते. ही माळ आपण होऊन फिरू लागली तर कायमची फिरत राहील. असे फुकटचे यंत्र जगात नाही, म्हणजे ती जागच्या जागी थांबली पाहिजे. खालचा लोंबता भाग दोन्हीकडे सारखाच ओढतो, म्हणून तो कापून टाकला तरी लांब उतरणीवरचे ४ आखूड उतरणीवरच्या २ गोळ्यांना तोलून धरतात. उतरणीचा नियम सिद्ध झाला, आणि साइन थीटा कुठे लिहावा लागला नाही. आजच्या परीक्षेत या उत्तराला किती मार्क पडतील हे सांगणे अवघड आहे, कारण त्यात ‘गिव्हन’ आणि ‘टु फाइंड’ लिहिलेले नाही.

साइन कुठे आणि कोसाइन कुठे, ही उतरणीवरची चिरंतन भानगड. वजनाचा उतारावरून खाली ओढणारा भाग साइनचा, जमिनीत दाबणारा कोसाइनचा. पाठ करण्याऐवजी कोन शून्य धरून पाहावे. जमीन सपाट झाली की खाली ओढणारा भाग शून्य झाला पाहिजे, आणि शून्याचा साइनच शून्य असतो. या तपासणीला पाच सेकंद लागतात. तिच्यावाचून अख्खे पान चुकल्यावर मात्र पाऊण तास जातो, आणि तो विद्यार्थ्यांना परवडतो असे दिसते.

पुस्तकातली उतरण ३०, ४५ किंवा ६० अंशांची असते. कर्जतहून खंडाळ्याकडे चढणाऱ्या भोर घाटातल्या रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे दीड अंशाच्या आसपास. तेवढ्यावरही १००० टनांची गाडी सुमारे २७ टनांनी मागे ओढली जाते, आणि तिला ढकलायला कर्जतला मागून बँकर इंजिने लावावी लागतात. पुस्तकातल्या ३० अंशांवर ती ५०० टनांनी मागे आली असती, आणि १८६३ साली तो घाट खुला करणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने पुण्याचा नाद सोडून दिला असता.

घर्षण हे प्रकरण स्वतंत्र लक्ष मागते, कारण इथे गणित चुकले की जग उलटे चालू लागते. घर्षणांक गुणिले लंब प्रतिक्रिया, हे सूत्र घर्षणाची कमाल मर्यादा सांगते. विद्यार्थी ते घर्षणाचा पगार समजतो, महिन्याच्या महिन्याला ठरलेला. दहा किलोचा ठोकळा, घर्षणांक ०.४, ढकलणारे बळ २० न्यूटन. घर्षण किती? विद्यार्थी ३९.२ लिहितो. तसे असेल तर २० न्यूटनने पुढे ढकललेला ठोकळा १९.२ न्यूटनच्या उरलेल्या बळाने मागे निघेल आणि सेकंदाला सेकंदाला १.९२ मीटरच्या त्वरणाने ढकलणाऱ्याच्या अंगावर येईल. घरातले कपाट असे वागले असते तर कोणी सरकवायला धजले नसते. खरे उत्तर २० न्यूटन. घर्षण गरजेपुरतेच लागते, ३९.२ ही त्याची ऐपत झाली.

ठोकळ्याचा तळ रुंद असला तरी घर्षण वाढत नाही, हेही कोणाच्या पचनी पडत नाही. गिय्योम आमोंतोंने ते १६९९ साली फ्रान्सच्या अकादमीपुढे मांडले, आणि शार्ल कूलॉंने १७८१ साली घर्षणावरच्या प्रबंधाला त्याच अकादमीचे बक्षीस मिळवून ते पक्के केले. इतकी वर्षे झाली, तरी परीक्षेत रुंदी दिली की ती कुठेतरी वापरलीच पाहिजे असा दबाव विद्यार्थ्यावर येतो. दिलेले सगळे आकडे संपल्याशिवाय गणित सुटल्यासारखे वाटत नाही.

आता शिडी. पाच मीटरची हलकी शिडी, तळ भिंतीपासून तीन मीटरवर, म्हणजे वरचे टोक चार मीटरवर टेकते. भिंत गुळगुळीत, जमीन खडबडीत, घर्षणांक ०.३. माणूस किती वर चढेपर्यंत शिडी घसरणार नाही? जमीन माणसाचे पूर्ण वजन उचलते. भिंतीची आडवी ढकल तळाशी घर्षणाने तोलायची असते, आणि माणूस जितका वर जाईल तितकी ती वाढते. तळाभोवती मोमेंट घेतला की उत्तर येते: शिडीच्या लांबीच्या ०.४ पट, म्हणजे दोन मीटर. गंमत अशी की माणसाचे वजन दोन्ही बाजूंनी कापले जाते. तो ५० किलोचा असो की १०० चा, दोन मीटरवर दोघेही सारखेच पडतात. प्रश्नात दिलेले ७० किलो कुठे वापरायचे या विवंचनेत वर्गातला मोठा गट पडतो. ते कुठेच वापरायचे नसतात. टोकापर्यंत सुखरूप जायला घर्षणांक ०.७५ लागतो. गावोगावचे रंगारी यातले काही मांडत नाहीत. खालच्या पायरीवर पोऱ्याला उभा करतात. पोऱ्या माणसाएवढ्याच वजनाचा असेल तर जमिनीवरचा दाब दुप्पट होतो, मोमेंट जवळजवळ वाढत नाही, आणि वरचा माणूस दोन मीटरऐवजी चार मीटरपर्यंत जातो. पाठ्यपुस्तकात पोऱ्या नसतो, म्हणून तिथला माणूस पडतो.

खुंट्याला गुंडाळलेल्या दोराचे गणित यानंतर येते आणि विश्वासाची परीक्षा पाहते. वेढ्याच्या कोनाबरोबर ताणाचे गुणोत्तर घातांकाने चढते. घर्षणांक ०.३ आणि तीन वेढे असतील तर एका टोकाची ओढ दुसऱ्या टोकाच्या सुमारे २८५ पट होऊ शकते. भाऊच्या धक्क्यावर लाँच बांधणारा खलाशी एका हाताने दहा किलोंची ओढ देऊन पावणेतीन टनांहून जास्त ओढ रोखू शकतो, आणि दुसऱ्या हाताने बिडी ओढू शकतो. विद्यार्थ्याच्या उत्तरात मात्र ताणाचे गुणोत्तर १४१ आकडी निघते, कारण त्याने कोन रेडियनऐवजी अंशांत घातलेला असतो. काही कॅल्क्युलेटर तर अशा वेळी हात टेकतात.

इथवर काहीही हललेले नसते. हलू लागले की विषयाचे नाव डायनॅमिक्स होते आणि एफबीडीत एक नवा बाण उगवतो. ठोकळा उजवीकडे चालला आहे ना, मग उजवीकडे ढकलणारे काहीतरी असणारच, या भावनेने विद्यार्थी गतीच्या दिशेला एक बळ काढतो. ते कोण लावते, हे विचारले तर तो ठोकळ्याकडे पाहतो. या बाणाचा खानदानी पूर्वज ॲरिस्टॉटल. गतीला सतत ढकलणारे कोणी लागते, असे त्याचे म्हणणे होते, आणि ते खोडायला जवळजवळ दोन हजार वर्षे गेली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एका सत्रात ते खोडायचे असते, शिवाय ड्रॉइंगच्या शीट्सही पुऱ्या करायच्या असतात.

त्यानंतर गुरुत्वत्वरणाचा वाद: ९.८१, ९.८ की १०? १९०१ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने ९.८०६६५ हा प्रमाण आकडा ठरवला. तो सुमारे ४५ अंश अक्षांशाचा. विषुववृत्तावर ९.७८, ध्रुवावर ९.८३, आणि मुंबईत सुमारे ९.७९. म्हणजे मुंबईचा विद्यार्थी ९.८१ धरून प्रत्येक ठोकळ्याला साधारण पाव टक्का युरोपीय वजन बहाल करतो. त्याच गणितात घर्षणांक ०.३ दिलेला असतो, जो फरशी ओली झाली की बदलतो. तरी उत्तर दशांश चिन्हापुढे सहा घरांपर्यंत लिहायचे, कारण कॅल्क्युलेटरने तेवढे दाखवले.

गच्चीवरच्या माणसाचे काम आता सुरू होते. २५ मीटर उंचीवरून त्याने सेकंदाला २० मीटर वेगाने चेंडू सरळ वर फेकला. जमिनीवर केव्हा पडेल? १० धरून वर्गसमीकरण सोडवले की दोन उत्तरे मिळतात, ५ सेकंद आणि उणे १ सेकंद. उणे उत्तरावर रेघ मारून शेजारी ‘काळ ऋण नसतो’ असे लिहायची प्रथा आहे. वास्तविक त्या उत्तरात अर्थ आहे. कोणी एक सेकंद आधी जमिनीवरून तोच चेंडू ३० मीटर वेगाने वर फेकला असता, तर तो नेमका आता गच्चीपाशी २० मीटर वेगाने पोचला असता. समीकरणाला गच्चीवरचा माणूस माहीत नसतो. त्याला फक्त चेंडूची वाट माहीत असते.

तिरप्या फेकीच्या गणितात हवा पूर्ण काढून टाकतात. सेकंदाला ३० मीटर वेगाने ४५ अंशांत मारलेला चेंडू मग जवळजवळ ९२ मीटरवर पडतो. हवेने भरलेल्या वानखेडेवर तो बराच अलीकडे पडतो, नाहीतर कितीतरी कॅच सिक्स ठरले असते आणि गोलंदाजांनी संप केला असता.

लिफ्टमधला माणूस थोडक्यात आटोपता येतो. लिफ्ट २ मीटरच्या त्वरणाने वर निघाली की काटा ७० ऐवजी ८४ किलो दाखवतो, त्याच त्वरणाने खाली निघाली की ५६. दोर तुटला तर शून्य. त्या क्षणीही माणूस शांतपणे काटा वाचत असतो, असे गृहीत धरलेले असते.

कप्पीवरून दोन वजने टांगण्याचे यंत्र जॉर्ज ॲटवुड या केंब्रिजच्या गणितज्ञाने १७८४ साली प्रसिद्ध केले. सरळ पडणारी वस्तू इतकी घाईत असते की मोजता येत नाही. दुसऱ्या बाजूला जवळपास तेवढेच वजन बांधले की ती रमतगमत उतरते. ५ आणि ३ किलो टांगले तर त्वरण २.४५ आणि ताण ३६.७५ न्यूटन. विद्यार्थी ताण म्हणून कधी पाच किलोंचे वजन लिहितो, कधी तीन किलोंचे. खरा ताण दोहोंच्या मधला असतो, नाहीतर एक खाली आणि दुसरे वर गेलेच नसते. कप्पीवर एकूण ७३.५ न्यूटन येतात, दोन्ही वजनांच्या ७८.४ न्यूटन बेरजेपेक्षा कमी, हेही अनेकांना कप्पीची लबाडी वाटते.

वजनांऐवजी एका बाजूला माकड आले की शहाणेही फसतात. माकड आणि समोरचे वजन सारखे. माकड दोर चढू लागले तर वजनाचे काय होईल? ‘ॲलिस इन वंडरलँड’ लिहिणारा लुइस कॅरल ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवायचा. त्याने १८९३ साली हा प्रश्न तिथल्या विद्वानांना घातला आणि त्याला वेगवेगळी उत्तरे मिळाली. कप्पी हलकी आणि घर्षणरहित असेल तर ताण दोन्हीकडे सारखा, वस्तुमान सारखे, म्हणून त्वरणही सारखे: माकडाबरोबर वजनही तेवढेच वर येते. ज्याने दोन एफबीडी काढल्या त्याला हे दोन ओळींत कळते; ज्याने माकडाच्या मनाचा विचार केला तो अडकतो.

गतीची कटकट नको असलेल्यांसाठी दालांबेरने १७४३ साली एक पळवाट काढून ठेवली आहे. वस्तुमान गुणिले त्वरण एवढे एक काल्पनिक बळ उलट दिशेने लावायचे आणि सगळे स्थिर आहे असे समजून जुनीच समतोलाची समीकरणे वापरायची. विद्यार्थ्यांना ही युक्ती फार आवडते. ते काल्पनिक बळ डावीकडे लावतात आणि वस्तुमान गुणिले त्वरण उजवीकडेही लिहितात, म्हणजे त्वरण निम्मेच उरते.

घरंगळणाऱ्या गोळ्याचे प्रकरण बहुधा सत्राच्या शेवटी घाईत उरकतात. गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात वर्णिलेला उतरणीवरचा गोळा घसरत नव्हता, घरंगळत होता. भरीव गोळा घरंगळला तर त्याचे त्वरण घर्षणाशिवाय घसरणाऱ्या ठोकळ्याच्या पाच सप्तमांश असते; उरलेले श्रम फिरण्यात जातात. गॅलिलिओ पाणी भांड्यात जमवून आणि तोलून वेळ मोजत होता. अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, एवढे त्याला दाखवायचे होते, आणि त्यासाठी पाच सप्तमांशाने काही बिघडत नव्हते.

शेवटचे प्रकरण टकरीचे. चेंडू जमिनीवर आपटला की पूर्वीच्या वेगाच्या काही पट वेगाने परत उडतो, त्या पटीला पुनःस्थापनांक म्हणतात. पाच मीटरवरून सोडलेला चेंडू, पटी ०.५, गुरुत्वत्वरण १०. पहिली पडण्याची वेळ एक सेकंद. पुढचा टप्पा एक सेकंदाचा, त्यानंतरचा अर्ध्याचा, मग पावचा, आणि असे अनंत टप्पे. सगळ्यांची बेरीज करायची म्हणजे जन्म जाईल असे वाटून विद्यार्थी प्रश्न ऑप्शनला टाकतो. बेरीज भूमिती श्रेढीची आहे. एक अधिक पटी भागिले एक उणे पटी, म्हणजे दीड भागिले अर्धा, आणि चेंडू अनंत टप्पे खाऊन बरोबर तिसऱ्या सेकंदाला थांबतो. पटी ०.९ असली तर १९ सेकंद लागतात. घाईत कोणी ती १ धरली, तर छेदात शून्य येतो आणि कॅल्क्युलेटरवर ‘मॅथ एरर’ उमटते. तो चेंडू कधीच थांबत नाही, त्यामुळे हे उत्तरही बरोबर आहे.